शिल्लक औषधांचं दान

घरातलं आजारपण संपतं. माणूस बरा होतो, किंवा दुर्दैवानं जातो. पण त्याच्या औषधांचा डबा फडताळात तसाच राहतो. महागाच्या गोळ्या टाकवत नाहीत आणि कुणाला द्याव्यात तेही सुचत नाही. तिकडे एखादा मजूर डॉक्टरची चिठ्ठी खिशात घालून पैशांची जुळवाजुळव करीत हिंडत असतो. या दोघांची गाठ घालून देता येईल का?

दिल्लीच्या ओंकारनाथ शर्मा यांनी ते मनावर घेतलं. 2008 साली लक्ष्मीनगर भागात मेट्रोचा बांधकाम चालू असलेला पूल कोसळला. गरिबांची औषधांवाचून होणारी परवड त्यांनी पाहिली. एके काळी रक्तपेढीत काम केलेले हे गृहस्थ भगवा सदरा घालून दारोदार शिल्लक औषधं मागू लागले. लोक त्यांना ‘मेडिसिन बाबा’ म्हणू लागले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तर 2007 साली याची रीतसर योजनाच सुरू झाली. तिथं आलेलं औषध आधी तपासलं जातं, मगच ते गरजू रोग्याच्या हाती पडतं.

पण तपासणी नसेल तर काय होतं, तेही पाहा. 1992 ते 1996 या काळात युद्धानं होरपळलेल्या बोस्नियात मदत म्हणून औषधांचे ढीग आले. त्यांतली सुमारे 17,000 टन औषधं निरुपयोगी निघाली, असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. देणाऱ्यांची अडगळ गेली, घेणाऱ्यांच्या गळ्यात मात्र ती विल्हेवाटीचं लोढणं होऊन पडली. जागतिक आरोग्य संघटनेनं 1996 मध्ये औषधदानाचे नियम घालून दिले, ते उगीच नव्हे.

तेव्हा आपण काय करावं? पहिली गोष्ट, औषध परस्पर शेजाऱ्याला देऊ नये. ‘मला गुण आला, तूही घे’ हा सल्ला मायेचा खरा, पण घातकी. औषध धर्मादाय दवाखान्यात न्यावं आणि तिथले डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञ ते घेतात का, हे आधी विचारावं. दुसरी गोष्ट, गोळ्यांची पट्टी अखंड हवी. कापलेल्या तुकड्यावरून नाव नि मुदत दोन्ही नाहीशी होतात. मग ती गोळी कसली, हे ओळखायचं कसं? तिसरी, फोडलेली पातळ औषधाची बाटली देऊ नये. इन्सुलिनसारखं थंडीत जपायचं औषध बाहेर राहिलेलं असेल, तर तेही नको. आणि मुदत उलटलेलं औषध तर मुळीच नाही.

आपण दारी आलेल्याला विटलेलं अन्न वाढत नाही. औषधाचंही तसंच आहे. जे आपल्या लेकराला निःशंकपणे देऊ, तेच दुसऱ्याच्या लेकरासाठी द्यावं. आणि द्यायचं ठरलं की उशीर करू नये. कारण पट्टीवरची तारीख आपल्या सवडीसाठी थांबत नाही.