मेयोनीज सोडा, मोहरी फेसा: उन्हाळ्यातलं आंबट बटाटा सॅलड

उन्हाळा सुरू झालाय, लग्नं आहेत, सुट्ट्या आहेत, म्हणजे गच्चीवर जेवणं आलीच. आज आपण बटाट्याचं आंबट सॅलड करणार आहोत. पण रेसिपीच्या आधी माझी एक चूक सांगते. कारण ती चूक झाली नसती, तर ही रेसिपीही मला सापडली नसती.

माझं आजोळ अकोल्याला. मे महिन्यातलं अकोला ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी सात वाजताही गच्चीची फरशी पायाला चटके देते. गेल्या वर्षी आम्ही तिथे पंचवीस जण जमलो होतो. मी पुण्याहून गेलेली, मोबाईलवर व्हिडिओ बघून हुशार झालेली. म्हटलं, आज मी तुम्हाला पोटॅटो सॅलड खाऊ घालते! मिक्सरमध्ये कच्ची अंडी आणि तेल फिरवून घरीच मेयोनीज केलं. आजीने भांड्यात डोकावून विचारलं, "काय वं पोरी, हे पांढरं काय होय?" मी हसले आणि म्हणाले, "आजी, तुला नाही कळायचं."

सॅलड चार वाजता झालं. जेवायला बसलो साडेआठला. मधले साडेचार तास ते भांडं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, झाकण लावून.

पहाटे तीनपासून उलट्या सुरू झाल्या. सात जणांना त्रास झाला. मामाची चार वर्षांची मुलगी एक रात्र सलाईनवर होती. त्या सॅलडमुळेच झालं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं नाही. पण ज्यांनी सॅलड खाल्लं नव्हतं ते ठणठणीत होते, हे मला दिसत होतं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. मामीसुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

तर नेमकं चुकलं कुठे? दोन ठिकाणी. पहिली गोष्ट, कच्चं अंडं. त्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, आणि मेयोनीज आपण शिजवत नाही. म्हणूनच कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये बंदी घातली. दुसरी गोष्ट, वेळ. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे जिवाणू भराभर वाढतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर फक्त एक तास. आपल्याकडे मे महिन्यात ३२ अंश म्हणजे गार हवा! आणि मी ठेवलं साडेचार तास.

नंतर एकदा मी आजीला फोन केला. म्हटलं, आजी, अंडं न घालता बटाट्याला तसं दाटसर, झणझणीत काही लावता येईल का? ती म्हणाली, "मोहरी फेस ना."

फेसलेली मोहरी! लोणच्यात आणि रायत्यात आपण ती कायम खातो. मोहरीच्या सालीत एक चिकट द्रव्य असतं. ते तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतं. मेयोनीजमध्ये जे काम अंडं करतं, तेच काम इथे मोहरी करते.

आता कृती. दहा-बारा जणांसाठी लिहून घ्या.

दीड किलो बटाटे. टणक, पातळ सालीचे, हिरवे डाग नसलेले. कुकर नको, त्यात पीठ होतं. पातेल्यात गार पाणी, दोन चमचे मीठ, बटाटे सालासकट. सुरी सहज आत गेली की गॅस बंद.

या पाण्यात लिंबू पिळू नका हं. आमटीत चिंच आधी घातली की बटाटा शिजत नाही म्हणून आई ओरडते ना, तेच कारण. आंबटपणामुळे बटाटा कडक राहतो. म्हणून आधी पूर्ण शिजवायचा, मग आंबट.

बटाटे शिजेपर्यंत मोहरी. दोन मोठे चमचे मोहरीची पूड, चिमूटभर मीठ आणि थोडं गार पाणी. खलात किंवा मिक्सरच्या छोट्या भांड्यात फेसा. रंग फिकट होतो, फेस येतो आणि नाकात झिणझिण्या येतात. तिथेच थांबा, जास्त फेसली तर कडू होते. दहा मिनिटं तशीच राहू द्या. लिंबू लगेच घातलं तर मोहरी चढत नाही. दहा मिनिटांनी एका लिंबाचा रस घाला आणि पाच मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल बारीक धारेने घालत घोटत राहा. मेयोनीजइतकं घट्ट होणार नाही. म्हणून उकडलेले दोन बटाटे कुस्करून त्यात मिसळा. झालं दाटसर.

बाकीचे बटाटे गरम असतानाच सोला, इंचभराचे तुकडे करा. त्यांच्यावर लगेच दोन लिंबांचा रस, चवीपुरतं मीठ आणि एक चमचा साखर. गरम बटाटा रस आत ओढून घेतो, गार झालेल्यावर तो नुसता वरून ओघळतो. मग तुकडे परातीत पसरा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या आणि उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. खोल भांड्यात भरले तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो.

वाढायच्या आधी त्यात एक किसलेली कैरी, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि ते मोहरीचं मिश्रण घाला. सॅलडचं भांडं बर्फ भरलेल्या परातीत ठेवा. सगळं एकदम बाहेर काढू नका, अर्धं फ्रिजमध्येच राहू द्या. आणि आंबट आहे म्हणून टिकेल, या भ्रमात राहू नका. लिंबू चवीसाठी, बर्फ टिकण्यासाठी. तासाभराने परातीत उरलेलं टाकून द्या, जीव कितीही कळवळला तरी.

या वर्षी आजीला पंच्याहत्तर पूर्ण झाली. परत तीच गच्ची, तीच माणसं. मी मामीला आधीच विचारलं, "मामी, करू का? नको म्हणालात तरी चालेल." मामी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कर. पण मी सोबत उभी राहते."

आणि खरंच उभ्या राहिल्या. मोहरी फेसताना दोघींच्या डोळ्यांतून पाणी. पंगत बसली तेव्हा मामींनी आधी स्वतः एक चमचा खाल्ला. थोड्या थांबल्या. मग पोरीच्या ताटात वाढलं. पोरगी म्हणाली, "आई, नाकात जातंय!" आणि तिने अजून मागितलं.

आजीने मात्र चाखून एवढंच सांगितलं, "मीठ कमी हाय."

तर मंडळी, करून बघा, मीठ आजीला विचारून घाला. आणि तुमच्या घरी आंबट बटाटा कसा करतात, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर पाणी प्या, उन्हात फिरू नका!