नेवाशाचा पट

आज तुम्हाला नेवाशाला न्यायचं आहे. तिथं माणसं दर्शनाला जातात, वारीच्या वाटेवर थांबतात. आपण मात्र खेळाच्या वाटेनं जाणार आहोत.

मागच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. पिशवीतून त्यानं एक जाडजूड, रंगीत पुस्तक काढलं आणि मधली घडी उलगडून सतरंजीवर पसरली. नकाशा होता. नद्या, डोंगर, ओसाड देवळं, शापित गावं. आणि पृथ्वीवर कुठंही नसलेलं ते जग. म्हणाला, "मामा, आमच्या खेळाचं नवं पुस्तक आलंय."

खेळ त्यानं मला समजावून सांगितला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो : तुम्ही नदीकाठी उभे आहात, समोर पडकं देऊळ आहे, आत दिवा तेवतोय, काय करता? बाकीच्यांनी आपापली सोंगं आधीच घेतलेली असतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. ज्याला जे सुचेल ते तो सांगतो, वीस बाजूंचा फासा टाकतो आणि पडलेल्या दानाप्रमाणे गोष्ट वळण घेते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावानं असा खेळ बाजारात आणला. आज जगभर तो खेळतात. गोष्ट कोणत्या मुलखात घडायची, तो मुलूख रचून देणारी पुस्तकं वेगळी निघतात. भाच्याच्या हातात होतं ते तसलं.

मी बराच वेळ तो नकाशा पाहत राहिलो. मग म्हटलं, "बाळा, असा एक नकाशा आपल्या प्रवरेच्या काठी आहे. चल, दाखवतो."

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं निघालं की साठेक किलोमीटरवर नेवासा येतं. फाट्यावर वळायचं आणि गावात शिरायचं. प्रवरेच्या दोन काठांवर दोन गावं, नेवासा खुर्द आणि नेवासा बुद्रुक. पुढे थोड्याच अंतरावर, प्रवरासंगमाला, ही नदी गोदावरीला मिळते.

खुर्दमध्ये मोहिनीराजाचं देऊळ आहे. पेशवाईत चंद्रचूडांनी बांधलेलं, दगडी, नक्षीदार. आतली मूर्ती विष्णूच्या मोहिनी रूपाची. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत मोहिनीनं इथं वाटलं, असं गाव मानतं. देवांची एक पंगत, असुरांची दुसरी. राहू वेश पालटून देवांच्या पंगतीत येऊन बसला, सूर्यचंद्रांनी त्याला ओळखलं आणि सुदर्शनानं त्याचं शिर उडालं. इथवर कथा साऱ्या देशाला ठाऊक आहे. पुढचा भाग आपल्या मुलखाचा. ते शिर जिथं पडलं ती राहुरी, आणि काया पडली ते गोदावरीपलीकडचं कायगाव!

भाचा थबकला. राहुरीवरूनच तर त्याची नेहमीची एसटी जायची. कृषी विद्यापीठाचं गाव, उसाचं गाव, एवढीच त्याच्या लेखी राहुरी. आता त्याच्या डोळ्यांसमोर तिथं आभाळातून एक शिर येऊन पडत होतं. गावांची नावं अशी कशी पडली याचा निवाडा भाषेच्या अभ्यासकांनी करावा. मला विस्मय वाटतो तो ज्या कुणी ही तीन गावं एका कथेत ओवली त्याचा. त्यानं जमिनीवरच पट मांडला. याच नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, पिढ्यान् पिढ्या घरांना दारं न लावणारं गाव. कुण्या लेखकानं कल्पित जगात असं गाव घातलं असतं तर आपण म्हटलं असतं, काय डोकं चाललंय याचं!

तिथून आम्ही खांबापाशी गेलो. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो हा खांब, पैस. दुर्गा भागवतांनी याच खांबाविषयी लिहिलं आणि आपल्या पुस्तकालाही 'पैस' हेच नाव दिलं. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खांबावर जुना शिलालेख आहे. अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा तो लेख. म्हणजे हा मुळात एका दिव्याच्या सोयीसाठी कोरलेला दगड, आणि त्याला टेकून जो ग्रंथ झाला त्याचं नाव 'भावार्थदीपिका'. ही जुळणी जेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आली, तेव्हा अंगावर काटा आला होता.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. देवगिरीवर यादवांचा रामचंद्र राजा. ज्ञानेश्वर बोलत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, समोर निवृत्तिनाथ आणि श्रोते. नऊ हजार ओव्या अशा तोंडी सांगितल्या गेल्या. त्यात श्रोते मुकाट बसलेले नाहीत. वक्ता रंगून बाजूला वाहवला की गुरू त्याला मूळ मुद्द्यावर आणतात, श्रोते मध्येच दाद देतात, पुढचं सांग म्हणतात, आणि वक्ता त्यांची मनधरणी करतो. गोष्ट एकाच्या तोंडून येते, पण ती सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची असते. भाचा म्हणाला, "हे आमच्यासारखंच बसले होते." मी त्याला अडवलं नाही.

पण मी त्याला नेवाशाला आणलं ते आणखी एका पटासाठी. सापशिडी आपण सगळ्यांनीच खेळली. मराठी परंपरा सांगते की या खेळाचं मूळ रूप, मोक्षपट, ज्ञानदेवांनी मुलांसाठी रचलं. तेराव्या शतकातला पट काही आज कुणाच्या हाती नाही. आज दिसतात ते पट त्यानंतर कितीतरी शतकांनी काढलेले आहेत. तरी ही श्रद्धा उगाच जडलेली नाही. मोक्षपट समोर ठेवा म्हणजे कळेल. पहिलं घर जन्माचं. साप आहेत काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. शिड्या आहेत सत्संगाच्या, दयेच्या, सद्बुद्धीच्या. शेवटचं घर मोक्षाचं. कवड्या टाकायच्या आणि पडेल त्या दानानं आपलं आयुष्य चालायचं. उत्तरेत हाच खेळ ग्यान चौपड म्हणून ओळखतात. वा. ल. मंजूळ यांनी असे पट शोधून उजेडात आणले. त्यांना ते डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात मिळाले. डेन्मार्कच्या याकोब श्मिट-मॅडसन यांनी तर याच खेळावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ विलायतेत गेला. हळूहळू घरांची नावं पुसली गेली, उरले एक ते शंभर आकडे. तोच पुठ्ठा छापील होऊन आपल्याकडे परत आला आणि त्यावर आपण वाढलो. लहानपणी नव्व्याण्णववर साप गिळायचा तेव्हा राग नशिबाचा यायचा. मोक्षपटावर तो साप मत्सराचा असता, तर खेळता खेळता आजीनं विचारलं असतं, "आज कुणाचा हेवा केलास रे?" आकडे असा प्रश्न विचारत नाहीत. माझ्या मते, नावं गेली तेव्हा खेळातलं जगच गेलं. भाच्याच्या खेळात ते जग पुन्हा आलं आहे, म्हणून मला त्या पुस्तकाचं कौतुक वाटलं. फक्त त्याच्या नकाशावरच्या नद्यांना प्रवरेचं पाणी नव्हतं.

परतीच्या आधी लाडमोडची टेकडी पाहिली. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं उत्खनन केलं. प्रवरेच्या गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. टेकडीच्या पोटात ताम्रपाषाण काळाची वस्ती निघाली. मेलेल्या लेकरांना मातीच्या रांजणांत घालून पुरण्याची तेव्हा रीत होती. अशाच एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत अडकून दोऱ्याचा अंश टिकला होता. तपासला तर त्यात रेशीम आणि कापूस! तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुण्या आईनं ती माळ ओवली. हे सांगताना माझा आवाज दाटला, आणि भाचाही गप्प झाला. त्याच्या पुस्तकात राक्षस होते, खजिने होते, असा दोरा नव्हता.

गाडीत बसल्यावर त्यानं वहीच्या पाठच्या पानावर रेघ ओढली. म्हणाला, ही प्रवरा. मग राहुरी मांडली, कायगाव मांडलं, मध्ये नेवासा. खांबाच्या जागी दिवा काढला.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या वाड्यात, देवघराच्या फडताळात, पोथ्यांच्या रुमालात घडी घातलेला, साप काढलेला कापडाचा किंवा कागदाचा तुकडा असेल. मळकट, किडीनं खाल्लेला. दिवाळीच्या साफसफाईत तो टाकून देऊ नका. घड्या जपून उलगडा, घरांवरची नावं वाचून वहीत उतरवून घ्या आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात नेऊन दाखवा. आणि दाखवण्याआधी एका संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन त्या पटावर एक डाव जरूर खेळा. कवड्या नसतील तर चिंचोके चालतात.