तिकिटाआधी उद्दिष्ट



मी फौजेतला निवृत्त माणूस. शेवटचं पोस्टिंग महूला होतं, पुढे तिथंच घर केलं. आज लढाईवर नाही, विमानाच्या तिकिटावर बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं, भावंडं अमेरिकेत आहेत. जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न हाच : कुठल्या एअरलाइननं जायचं?

फौजेत निर्णयाआधी आम्ही 'अप्रिसिएशन' करतो. आधी उद्दिष्ट, मग त्यावर परिणाम करणारे घटक, मग उपलब्ध पर्याय, आणि शेवटी योजना. हे मी तरुण अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं. आणि स्वतःचं तिकीट काढताना विसरलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना. शिकागोहून पुतण्याचा फोन आला, "काका, बाबांचं काही खरं नाही. लवकर या." त्याच रात्री मी कॉम्प्युटरसमोर बसलो. इंदूर ते दिल्ली एका कंपनीचं स्वस्त तिकीट घेतलं, दिल्ली ते शिकागो दुसऱ्या कंपनीचं. सोळा हजार रुपये वाचले. मध्ये चार तास ठेवले होते. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

दिल्लीत धुकं पडलं. इंदूरहून विमान सहा तास उशिरा सुटलं. दिल्लीला पोचलो तेव्हा शिकागोचं विमान गेलं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही नो-शो आहात." परतीचं तिकीटही गेलं, कारण पहिला टप्पा वापरला नाही की पुढचे टप्पे रद्द होतात. तिच्यावर चिडून उपयोग नव्हता. पहिल्या कंपनीचं काम मला दिल्लीला पोचवणं, ते तिनं उशिरा का होईना केलं. माझं पुढचं विमान आहे, हे तिच्या लेखी नव्हतंच. पुढची जागा दोन दिवसांनी मिळाली. मी पोचलो त्याच्या आदल्या रात्री दादा गेला.

उद्दिष्ट होतं वेळेत पोचणं. मी योजना आखली पैसे वाचवण्याची.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत. पहिला, घरापासून मुक्कामापर्यंत सगळा प्रवास एकाच पीएनआरवर. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची.

दुसरा, हातात राखीव वेळ. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं गृहीत धरा. जमलं तर मुंबईहून निघा. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, सामान उचलून कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावं लागतं. तिथं विमान बदलायचं असेल तर दीड तासाच्या भरवशावर राहू नका. अबुधाबीमार्गे एक सोय आहे : अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच उरकतं.

तिसरा, फक्त 'नॉन-स्टॉप' हा शब्द वाचून भुलू नका, एकूण तास पाहा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबची वाट धरावी लागली.

चौथा, शरीर. आखातातून गेलं तर आधी तीन-चार तास आणि मग सलग चौदा-पंधरा. फ्रँकफर्टमार्गे साधारण नऊ-नऊ तासांचे दोन तुकडे पडतात. विमानही पाहा. बोइंग ७७७ मध्ये बऱ्याच कंपन्या आता एका रांगेत नऊऐवजी दहा खुर्च्या बसवतात; ७८७ मध्ये सहसा नऊच असतात. शिवाय ७८७ आणि ए३५० मध्ये केबिनमधली हवा सहा हजार फुटांवरच्यासारखी ठेवतात, जुन्या विमानांत आठ हजारांपर्यंत. पहाडात नोकरी केलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

या उन्हाळ्यात वहिनींना भेटायला आम्ही दोघं शिकागोला चाललो आहोत. हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. म्हणून इंदूर, मुंबई, फ्रँकफर्ट, शिकागो. एकच पीएनआर, कडेची सीट, व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलेली. बावीस हजार जास्त गेले. ही म्हणाली, "एवढे कशाला?" मी म्हटलं, मागच्या वेळी सोळा वाचवले होते. ती पुढे काही बोलली नाही.

तुम्ही तिकीट काढायला बसाल तेव्हा भाडं नंतर पाहा. आधी एका कागदावर लिहा, आपण कशासाठी चाललो आहोत.

जय हिंद.