सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर



पाटी-पेन्सिल हातात घ्या. वजाबाकी येते ना? मग झाले.

चार अंक घ्या. चारही सारखे नकोत. समजा २, ४, १, ३ घेतले. त्यांची मोठ्यात मोठी संख्या मांडा : ४३२१. लहानात लहान मांडा : १२३४. वजा करा. ३०८७ उरले. आता या अंकांचे तसेच करा. ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आणखी करून बघा. ७६४१ वजा १४६७. परत ६१७४ च!

शेजाऱ्याने दुसरे अंक घेतले तरी तो इथेच येईल. फार तर सात वजाबाक्या लागतील. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य मांडावे.

ही गंमत कोणी शोधली? आपल्या जिल्ह्याला लागून नाशिक जिल्हा. तिथे देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. १९४९ साली त्यांनी ही गोष्ट लोकांपुढे मांडली. पुष्कळ विद्वानांनी तेव्हा मनावर घेतले नाही. मास्तरांनी आकडेमोड सोडली नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, आणि जगभर नाव झाले.

आता ६१७४ चे अंक मिळवा. ६, १, ७, ४ मिळून १८. एक आणि आठ, नऊ. ३०८७ चे करा, ८३५२ चे करा. नऊच! असे का? अंक तेच, फक्त घरे बदलली. दहंच्या घरातला ८ एकंच्या घरात आला, की ८० चे ८ झाले. ७२ गेले. त्याच्या जागी ४ चे ४० झाले. ३६ आले. दोन्ही नवाच्या पाढ्यातले.

तुम्ही म्हणाल, मास्तर, याचा उपयोग काय? ऐका. एकदा आमच्या कांद्याची पट्टी आली. काट्याच्या पावतीवर २८४६ किलो, पट्टीवर २४८६. फरक ३६० किलो. भाव पंधरा रुपये. म्हणजे ५४०० रुपये कमी! आम्ही तावातावाने भांडायला निघालो. आमच्या सौभाग्यवती चाळिशीत अक्षर शिकल्या. त्या म्हणाल्या, “अहो थांबा. तीन आणि सहा नऊ. अंक उलटे पडलेत का बघा.” तसेच निघाले. ८ आणि ४ यांची अदलाबदल झाली होती. दोन्ही कागद समोर ठेवले. लिहिणाऱ्याने चूक मान्य केली, पैसे मिळाले, भांडण टळले.

फरक नवाने तुटला म्हणजे अंक उलटलेच, असे मात्र नाही. ती एक खूण आहे. पण फरक नवाने तुटला नाही, तर चूक नुसत्या अदलाबदलीची नाही, हे नक्की.

म्हणून सांगतो, मास्तर म्हणाले म्हणून ६१७४ खरे मानू नका. आज रात्री स्वतः करून बघा. आणि अंगठा नको, सही करा. पण सहीच्या आधी आकडा वाचा.