अर्क आधी की इजा आधी?



वनौषधींच्या अर्कांवरचा कुठलाही निबंध हाती आला की मी एकच गोष्ट आधी शोधतो. उंदरांना अर्क कधी पाजला? इजा होण्याआधी की झाल्यावर?

प्रयोगाची रीत समोर बसलेल्या फार्मसीच्या मुलांना पाठ आहे, पीथमपूरच्या औषध कारखान्यांतल्या मंडळींनाही. काही दिवस अर्क द्यायचा, उंदीर उपाशी ठेवायचे, मग जठरात व्रण पाडणारं इंडोमेथासिन. काही तासांनी जठर उघडून व्रण मोजायचे. यकृताची परीक्षा असेल तर पॅरासिटामॉलचा जबर डोस आणि यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एसजीपीटी. पुढे जाऊ.

औषधच इजा करतं, हे देवासमध्ये फार समजावावं लागू नये. कुमार गंधर्व क्षय घेऊन इथे आले ते १९४८ साली. (टाळ्या) त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची ती गाजलेली चाचणी प्रसिद्ध झाली. क्षयाचे १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठी ठरवणार. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले ४ दगावले, बाकीच्यांतले १४. कुमारजींनाही पुढे हेच औषध लाभलं आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. पण स्ट्रेप्टोमायसिन आतल्या कानावर घाला घालतं. चक्कर येते, कुणाकुणाचं ऐकणं कायमचं जातं. फुप्फुस वाचवणारं औषध, आणि डाव लागलेला गवयाच्या कानाचा! तो कान शाबूत राहिला, हे आपण पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ऐकलं. (टाळ्या)

हो, विषय सुटलेला नाही. ते १०७ जण आधीच आजारी होते, औषध नंतर आलं. आपल्या बहुतेक निबंधांत उलटं असतं: अर्क आधी, घाव नंतर. दवाखान्यात मात्र माणूस येतो तो पोटात व्रण घेऊनच. पॅरासिटामॉलचं तर आणखी एक आहे. त्याचं विष यकृतातच, तिथल्या विकरांमुळे तयार होतं. अर्काने ती विकरंच अडवली तर विष बनतच नाही. आकडे सुंदर येतात, आणि आपण लिहितो की अर्काने यकृत बरं केलं! बरं करायला ते बिघडलं कुठे होतं?

गुळवेल घ्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांचे सहकारी प्राण्यांवर थांबले नाहीत. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णांपर्यंत ते गेले. मला काम हवं ते असं. आणि त्याच मुंबईतून २०२१ मध्ये डॉक्टरांनी सहा रुग्ण नोंदवले: गुळवेल घेत होते, यकृताला सूज.

(सभागृहातून : ती दुसरीच वेल असणार!)

वैद्यराज, हा आक्षेप आयुष मंत्रालयानेही घेतला होता. मग वेल ओळखून, तिचा नमुना जपून ठेवूनच अर्क काढायला नको का? मी आयुर्वेदाच्या विरोधात उभा नाही. गुळवेलीवर माझा जीव आहे, म्हणूनच तिच्या नावाने कच्चं काम झालेलं मला सोसत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. ज्येष्ठमध एका वाक्यात सांगतो: त्यापासून केलेलं कार्बेनॉक्सोलोन ब्रिटनमध्ये जठराच्या व्रणावर खरोखर वापरलं गेलं, व्रण भरले, पण अंगात पाणी साठायचं, रक्तदाब चढायचा, पोटॅशियम उतरायचं. हे माणसांना देऊन पाहिलं तेव्हा कळलं.

मुलांनो, पुढच्या प्रयोगात एक गट वाढवा. आधी इंडोमेथासिन द्या, व्रण होऊ द्या, मग अर्क पाजा. आणि व्रण मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे सांगू नका. व्रण भरले नाहीत, तर तेही तितक्याच ठळकपणे छापा.

वैद्यराज, आता पहिला प्रश्न तुमचा.