घरीं शिवलेलें कापड आणि मायक्रोवेव्हची भट्टी



गेल्या थंडींतली गोष्ट. माझ्या सासूबाईंचे गुडघे संध्याकाळीं फार ठणकत, म्हणून माझ्या मुलीनें जुन्या सुती साडीची एक पिशवी शिवली, तींत दोन वाट्या गहूं भरले आणि तोंड शिवून टाकलें. मायक्रोवेव्हच्या भट्टींत दोन मिनिटें ठेवली कीं पिशवी सुरेख शेक देई. रबरी पिशवींतलें पाणी सांडण्याची भीति नाहीं, तव्यावर फडकें तापविण्याचा व्याप नाहीं. घरांत सर्वांनाच तिचें कौतुक वाटलें. महिनाभरानें एका रात्रीं ती लागोपाठ तिसऱ्यांदा तापवून सासूबाईंच्या रजईखालीं ठेवली. मध्यरात्रीं खोलींत करपल्याचा उग्र वास सुटला. रजई दूर सारून पाहतों, तों पिशवीला मधोमध तपकिरी डाग, चादरीवरही तसाच, आणि पिशवी उसवल्यावर आंतले गहूं कोळशासारखे काळे. सुदैवानें सासूबाईंना इजा झाली नाहीं. परंतु सकाळीं मुलीनें विचारलेला प्रश्न माझ्या मनांतून जाईना. ती म्हणाली, "आई, कापड तर शुद्ध सुती होतें, मग असें कां झालें?"

त्या प्रश्नाचें उत्तर आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे. कारण अशा पिशव्या आणि खोळी आतां पुष्कळ घरांत हौसेनें शिवल्या जातात, आणि "सुती आहे ना, मग झालें" एवढ्यावर सर्वांचें समाधान होतें.

या भट्टींत विस्तव नसतो, हें आपण जाणतांच. दुसऱ्या महायुद्धांत रडारसाठीं जी मॅग्नेट्रॉन नांवाची नळी वापरीत, तीच येथें काम करते. १९४५ सालीं अमेरिकेंतील पर्सी स्पेन्सर या गृहस्थांनीं तिचा उपयोग अन्न शिजविण्याकडे करून घेतला. ही नळी सेकंदाला सुमारें २४५ कोटी आवर्तनांच्या लहरी सोडते. अन्नांतील पाण्याचे कण त्या लहरींच्या तालावर दिशा बदलूं पाहतात आणि त्या धडपडींतून उष्णता उत्पन्न होते. कोरडें सुती कापड, कांच, चिनीमाती यांतून मात्र लहरी बहुतांशीं आरपार निघून जातात. म्हणजे भट्टी मुख्यतः तापविते तें पाणी. कापड तापतें तें त्याच्याशीं लागून असलेल्या गरम पदार्थामुळें.

आतां गव्हाकडे वळूं. वरून कोरड्या दिसणाऱ्या गव्हांतही शंभर भागांत सुमारें बारा भाग पाणी असतें. तें पाणी आहे तोंवर बरीचशी उष्णता त्याची वाफ करण्यांत खर्च होते आणि दाणा फार तापत नाहीं. पाणी हाच त्या पिशवीचा पहारेकरी. परंतु प्रत्येक तापविण्याबरोबर थोडें पाणी उडून जातें आणि पहारेकरी दुबळा होत जातो. दाणा पुरता सुकला, कीं तींच दोन मिनिटें त्याला करपविण्यास पुरेशीं होतात. शिवाय धान्याच्या राशींतून उष्णता फार सावकाश बाहेर येते. म्हणून वरून पिशवी कोमट लागली, तरी तिच्या पोटांत निखारा असूं शकतो. अशी पिशवी रजईखालीं कोंडली, कीं उष्णतेला बाहेर जाण्यास वाटच उरत नाहीं. भट्टीबाहेर काढल्यावर धोका टळला असें आपण मानतों. पण पुष्कळदां तो तेथूनच सुरू होतो. ब्रिटनमध्यें अशा पिशव्यांसाठीं २००४ सालीं एक स्वतंत्र मानक ठरविण्यांत आलें, आणि तेथील अग्निशामक दलें त्यांविषयीं वेळोवेळीं इशारे देत आलीं आहेत.

दुसरी वस्तु म्हणजे गरम वाडगा हातीं धरतां यावा म्हणून त्याच्याखालीं बसवावयाची, आंत कापूस भरलेली खोळ. वाडग्यांत आमटी किंवा सूप असेल, तर तें १०० अंशांच्या फारसें वर जात नाहीं आणि खोळ सुखरूप राहते. पण तूप, तेल किंवा साखरेचा पाक याहून पुष्कळ अधिक तापतो. असे पदार्थ खोळींत ठेवून तापवूं नयेत. रिकामी खोळ तर भट्टींत कधींच ठेवूं नये. खोळीवर सांडलेला तुपाचा थेंबही तेवढ्या जागीं कापड करपवूं शकतो. म्हणून ती धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावी.

सुती कापडाची आपण खात्री करतों. पण शिवणाचा दोरा आणि आंतलें भरण कशाचें आहे, हें कोण विचारतो? पॉलिएस्टर सुमारें २५० अंशांवर वितळतो आणि कातडीला चिकटून खोल भाजतो. परीक्षा सोपी आहे. दोऱ्याचा तुकडा चिमट्यांत धरून ताटलीवर पेटवावा. सुती दोरा कागदासारखा जळून मऊ करडी राख पडते. कृत्रिम दोरा आक्रसतो आणि टोकाशीं कठीण मणी बनतो. तसेंच, जुन्या साडीचा कांठ शोभेसाठीं लावण्याचा मोह आपल्याकडे होतोच. त्या जरींत धातु असतो, आणि धातूच्या बारीक तारेवर भट्टींत ठिणग्या उडतात. जर, टिकल्या, हुक, चेन आणि उष्णता अडविणारें चकचकीत अस्तर यांपैकीं कांहींही त्यांत नसावें.

गव्हाची पिशवी वापरावयाचीच असेल, तर ती थोडथोडा वेळ तापवावी, शेजारीं पेलाभर पाणी ठेवावें आणि भट्टीपासून दूर जाऊं नये. एकदां तापविलेली पिशवी पूर्ण निवल्यावांचून पुन्हां तापवूं नये. ती अंथरुणांत नेऊं नये; तान्ह्या मुलांना, आणि मधुमेहामुळें ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांना तिचा शेक देऊं नये. करपल्याचा वास आला, कीं ती उघड्यावर फरशीवर थंड करून टाकून द्यावी. भट्टींतच धूर दिसला तर दार उघडूं नये. बटण बंद करून वीज तोडावी.

आपल्या आज्या ओव्याची पुरचुंडी तव्यावर टेकवून शेक देत. तेथें त्यांचा डोळा, नाक आणि हात तिन्ही जागे असत; पुरचुंडी आधीं स्वतःच्या मनगटाला लावून मगच त्या दुसऱ्याच्या अंगाला लावीत. नवी भट्टी काम झटपट करते, पण दार लावून करते, आणि आपल्या इंद्रियांना बाहेर उभें करते. त्यांची जागा आपल्या माहितीनें भरून काढली पाहिजे.

माझ्या मुलीनें नंतर दुसरी पिशवी शिवली. तिच्या कोपऱ्यावर तिनें सुती दोऱ्यानें चार शब्द भरले आहेत: "दोन मिनिटें. रजईखालीं नको." सासूबाईंना चष्म्यावांचून ते वाचतां येत नाहींत, परंतु आतां पिशवी हातीं देण्यापूर्वीं आम्ही ते त्यांना रोज मोठ्यानें वाचून दाखवितों.