वेंचणारे आणि घडविणारे

बास्केटबॉलचा खेळ जन्मास आला तो एका शिक्षकाच्याच हातून. १८९१ सालच्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि थंडीनें आंत कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांच्या हातीं चेंडू दिला. पुढें हा खेळ तेथील कॉलेजांतून वाढला, आणि त्याचे शिक्षक, ज्यांना तेथें ‘कोच’ म्हणतात, ते प्राध्यापकांहून किती तरी अधिक नांवाजलेले झाले. त्यांच्यांत श्रेष्ठ कोण, हा वाद अमेरिकन घरांतून ज्या हिरीरीनें चालतो, तिची तुलना आपल्याकडील गवयांच्या घराण्यांविषयींच्या वादाशींच करतां येईल.

अजिंक्यपदें मोजून या वादाचा निकाल लावण्याचा मोह सहज होतो. परंतु त्यांत एक अडचण आहे. गांवच्या शाळामास्तराच्या वर्गांत येतात तीं मुलें गांवानें धाडलेलीं असतात. मास्तरानें तीं निवडलेलीं नसतात. कॉलेजच्या कोचचें तसें नाहीं. त्याला आपले विद्यार्थी आधीं शोधावे लागतात. सोळा-सतरा वर्षांचा एखादा उंच, चपळ मुलगा कोठें खेळतो आहे असें कळलें, कीं एकाच वेळीं अनेक कॉलेजांचे कोच त्याच्या दारीं येतात. मैदानावर एका बाजूचे खेळाडू अवघे पांच. त्यांतला एक असामान्य निघाला तर सबंध संघाचें दैव पालटतें. म्हणून वधूपित्यानें स्थळाच्या घरीं जावें तसा मोठा नांवाजलेला मनुष्यही त्या मुलाच्या आईसमोर नम्रपणें बसतो, आणि फी, राहणें, जेवण यांची तजवीज करणारी शिष्यवृत्ति देऊं करतो. आई विचारते, ‘याचें शिक्षण पुरें होईल ना?’ मुलगा विचारतो, ‘मला खेळावयास मिळेल ना?’ तेथें जें उत्तर दिलें जातें तें वचन असतें. तेव्हां या शिक्षकांची पारख तीन गोष्टींनीं करावी लागते: वेंचणें, घडविणें आणि दिलेला शब्द पाळणें.

घडविण्याच्या कलेंत पहिला मान जॉन वुडन यांचा. इंडियाना प्रांतांतील हायस्कुलांत इंग्रजी शिकविणारा हा मास्तर १९४८ सालीं लॉस एंजेलिसच्या यू. सी. एल. ए. या विद्यापीठांत आला. पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळावयास सोळावा हंगाम उजाडावा लागला. मात्र १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत त्यांनीं तें दहा वेळां मिळविलें, आणि मध्यंतरीं सलग ८८ सामने जिंकले. १९६४ च्या संघांतील पहिल्या पांचांत ६ फूट ५ इंचांहून उंच कोणीच नव्हता. हंगामाच्या पहिल्या दिवशीं वुडन मोजे कसे घालावे आणि बुटाची नाडी कशी बांधावी हें शिकवीत. मोज्याला सुरकुती पडली तर पायाला फोड येतो, आणि फोड आलेला खेळाडू बांकावर बसतो, हें त्यांचें साधें तर्कशास्त्र. दारोदार जाऊन मुलें मिळविण्याची त्यांना आवड नव्हती. तो भार जेरी नॉर्मन यांच्यासारख्या सहाय्यकांनीं पुष्कळ उचलला. न्यूयॉर्कचा ७ फूट २ इंच उंचीचा ल्यू अल्सिंडर, जो पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें जगप्रसिद्ध झाला, तो १९६५ सालीं तेथें आला, आणि १९६७ पासून तीन वर्षें अजिंक्यपद कॉलेजाबाहेर गेलें नाहीं. या उज्ज्वल काळावर एक छाया मात्र आहे. एका धनिक हितचिंतकानें खेळाडूंना नियमबाह्य सवलती दिल्याबद्दल १९८१ सालीं कॉलेजला शिक्षा झाली. वुडन तेव्हां निवृत्त झालेले होते. पण त्या गृहस्थाची खेळाडूंत ऊठबस त्यांच्याच काळापासूनची होती.

शब्द पाळण्याच्या बाबतींत नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांचें नांव अग्रभागीं येतें. १९६१ ते १९९७ या ३६ हंगामांत ८७९ विजय, आणि अजिंक्यपदें मात्र दोनच, १९८२ व १९९३ सालचीं. केवळ पदांच्या हिशेबानें पाहिलें तर वुडन यांच्यापुढें ते फिके वाटतील. परंतु वर्णभेद अजून दक्षिणेंत खोल रुजलेला असतां, १९६६ सालीं त्यांनीं चार्ली स्कॉट या कृष्णवर्णी तरुणाला शिष्यवृत्ति देऊन आणलें. त्या कॉलेजच्या बास्केटबॉलमध्यें असें पूर्वीं घडलें नव्हतें. गुण मिळविणाऱ्यानें, ज्यानें आपल्याला चेंडू दिला त्याच्याकडे बोट दाखवून त्याचें ऋण मान्य करावें, ही रीत त्यांनींच घालून दिली. मायकेल जॉर्डनसारखा खेळाडू हातीं असतां, आणखी एक वर्ष त्याला ठेवून घेणें संघाच्या फायद्याचें असतांही, १९८४ सालीं त्यांनीं त्याला व्यावसायिक खेळाकडे जाण्याचाच सल्ला दिला. जॉर्डननें पदवीही पुढें पुरी केली. स्मिथ २०१५ सालीं वारले तेव्हां त्यांच्या मृत्युपत्रांत सुमारे १८० जुन्या खेळाडूंना प्रत्येकीं २०० डॉलर बाहेर एकदां भोजन करण्यासाठीं ठेवलेले निघाले.

टेनेसीच्या पॅट समिट यांचें चरित्र मुलींच्या खेळांतलें. १९७४ सालीं वयाच्या बाविसाव्या वर्षीं त्या प्रमुख झाल्या. त्या काळीं संघाची गाडी त्या स्वतः हांकीत आणि खेळाडूंचे कपडेही धूत. २०१२ सालीं स्मृतिभ्रंशाच्या आजारानें त्यांना थांबावें लागलें, तोंपर्यंत १,०९८ विजय आणि आठ अजिंक्यपदें त्यांच्या नांवावर जमलीं होतीं. १९९० सालीं दिवस भरलेले असतां त्या पेनसिल्व्हेनियांत मिशेल मार्सिनियाक या खेळाडूच्या घरीं तिचें मन वळविण्यास गेल्या, तेथेंच प्रसूतीचीं चिन्हें दिसूं लागलीं, आणि मूल टेनेसींतच जन्मावें या हट्टानें त्या विमानानें परत आल्या. मुलगी प्रथम दुसऱ्या कॉलेजांत गेली. पण पुढें टेनेसींतच आली, आणि १९९६ च्या विजेत्या संघांत होती. निवडीची एवढी जिद्द असलेल्या या बाईंचा नियम असा कीं, खेळाडूनें वर्ग चुकवावयाचा नाहीं आणि बसावयाचें तें पहिल्या तीन रांगांतच. ज्या मुलींनीं त्यांच्याकडे आपलीं खेळाचीं वर्षें पुरीं केलीं, त्या सर्व पदवीधर झाल्या.

ड्यूकचे माइक शशेव्स्की हे वेंचणें आणि घडविणें या दोन्ही कलांत पारंगत. १९८० सालीं ते आले तेव्हां पहिल्या तीन हंगामांत विजयांपेक्षां पराभव अधिक. परंतु कॉलेजनें धीर धरला. १९८२ सालीं आणलेलीं मुलें चार वर्षांनीं अंतिम सामन्यापर्यंत पोंचलीं. २०२२ सालीं निवृत्त होईपर्यंत पांच अजिंक्यपदें आणि एकूण १,२०२ विजय त्यांच्या पदरीं पडले.

वेंचण्याच्या कलेचा कळस पाहावयाचा तर जॉन कॅलिपरी यांच्याकडे पाहावें. २००६ पासून व्यावसायिक संघांनीं एकोणीस वर्षांखालील मुलें घेणें बंद केलें, तेव्हां उत्तमोत्तम मुलें एकच वर्ष कॉलेजांत काढूं लागलीं. कॅलिपरी यांनीं केंटकींत यालाच पद्धतीचें रूप दिलें. २०१० सालीं त्यांच्या एका संघांतून पांच खेळाडू व्यावसायिक निवडीच्या पहिल्या फेरींत गेले. २०१२ चें अजिंक्यपद त्यांनीं मिळविलें तेव्हां तिघे मुख्य खेळाडू पहिल्या वर्षाचे होते. ‘तुझें भाग्य एका वर्षांत उघडीन,’ असा त्यांच्या वचनाचा आशय, आणि तें त्यांनीं पुष्कळांच्या बाबतींत खरें केलें. मात्र आधींच्या दोन कॉलेजांत त्यांच्या संघांनीं १९९६ व २००८ सालीं गांठलेली अंतिम चौघांतली जागा खेळाडूंच्या अपात्रतेमुळें मागाहून रद्द झाली. त्यांत कॅलिपरी यांच्यावर व्यक्तिशः दोष ठेवला गेला नाहीं. तरीही एका वर्षांत निघून जाणाऱ्या मुलाला शिक्षक काय देऊं शकतो, हा प्रश्न उरतोच. स्वतः शशेव्स्की यांनींही उतारवयांत हाच मार्ग धरला आणि २०१५ चें पद त्याच बळावर जिंकलें.

याच्या उलट टोंकाला इंडियानापोलिसच्या लहानशा बटलर विद्यापीठाचे ब्रॅड स्टीव्हन्स. मोठ्या कॉलेजांनीं ज्यांच्याकडे फारसें पाहिलें नव्हतें, अशीं मुलें घेऊन ते २०१० व २०११ सालीं लागोपाठ अंतिम सामन्यांत उतरले. २०१० सालीं ड्यूककडून ते ६१ विरुद्ध ५९ असे हरले. शेवटच्या क्षणीं मध्यरेषेवरून फेंकलेला चेंडू कड्याला लागून बाहेर पडला नसता, तर घडविणाऱ्यानें वेंचणाऱ्यावर मात केली असें इतिहासानें लिहिलें असतें.

अलीकडे या व्यवहाराचें रूप पार बदललें आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नांवाचा मोबदला घेतां येऊं लागला. कॉलेज बदलण्याचीं बंधनें सैल झालीं. आणि २०२५ पासून कॉलेजेंच खेळाडूंना उत्पन्नाचा वांटा देऊं लागलीं. यांत अन्याय नाहीं. ज्यांच्या घामावर कोट्यवधि डॉलर जमत, त्यांना केवळ जेवण आणि फी देऊन भागविणें हाच अन्याय होता. पण देवघेव रोखीची झाली म्हणून वचनाची किंमत कमी होत नाहीं. पैसा करारांत लिहितां येतो. पहाटेच्या सरावाला मोज्याची सुरकुती दाखविणारा डोळा, वर्गांतल्या पहिल्या तीन रांगा, आणि ‘तुझ्या हिताचें आहे, आतां जा,’ हें स्वतःच्या नुकसानीचें वाक्य करारांत लिहितां येत नाहीं.

म्हणून श्रेष्ठत्वाचा निवाडा असा करावा लागेल: शिकविण्यांत वुडन, निवडींत कॅलिपरी, दोहोंचा मेळ घालण्यांत शशेव्स्की, परंतु ज्या घरांतला मुलगा किंवा मुलगी दुसऱ्याच्या हवालीं करावयाची आहे, त्या घरानें स्मिथ आणि समिट यांनाच वरचें आसन द्यावें. पेला मिरविणाऱ्या हातांपेक्षां आईला दिलेला शब्द चार वर्षांनीं तिच्यापुढें पुरा करून ठेवणारे हात कोणत्याही देशांत दुर्मिळच असतात.